चार्ल्सटनची पायी टूर: दिवस ठरवण्यापासून परतीच्या पार्किंगपर्यंत

भारतातून आई-बाबा आले की शार्लट, रॉली, अटलांटाकडची मराठी कुटुंबं एखाद्या शनिवार-रविवारी साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला हमखास जातात. शार्लटहून साधारण २०० मैल, म्हणजे साडेतीन तास. अटलांटाहून पाच तास धरा. परत आल्यावर विचारलं की उत्तर बहुतेक एकच मिळतं: "छान होतं, पण ऊन फार होतं, आईचे पाय दुखले, आणि गाइड काय बोलत होता ते निम्मं कळलंच नाही."

पाहुण्यांना घेऊन मी या शहरात पुन्हा पुन्हा जाते. चुका त्याच त्याच होतात आणि बहुतेक टूर सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून दिवस ठरवण्यापासून परतीपर्यंतचा क्रम इथे देते आहे. एक नियम मात्र आधीच लक्षात ठेवा: दिवसातलं पहिलं काम पायी टूर. घोडागाडी, बाजार, बोट, जेवण हे सगळं त्यानंतर. बाकीचे टप्पे या एका नियमाभोवती बांधलेले आहेत.

## टप्पा १: दिवस ठरवा

तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: ऊन, भरती आणि गर्दी.

ऊन. जून ते सप्टेंबर इथली हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट असते आणि दुपारी गडगडाटी पाऊस येतो. घोडागाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठी शहराचा नियम आहे: पारा ९५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ३५ सेल्सियसवर गेला की गाड्या बंद. पासष्टी-सत्तरीच्या माणसांसाठी असा नियम कोणी केलेला नाही, तो आपणच करायचा. या महिन्यांत सकाळी नऊच्या आसपास सुरू होणारी टूर मिळाली तरच घ्या. अकराची, एकची घेऊ नका. आई-बाबांच्या व्हिसाच्या तारखा आपल्या हातात असतील तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात बरे.

भरती. ही गोष्ट जवळजवळ कोणीच बघत नाही. जुनं शहर अॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या, सखल जमिनीवर आहे. पाऊस नसतानाही मोठ्या भरतीला गटारांतून खारं पाणी उलटं रस्त्यावर येतं. सिटी मार्केट, म्हणजे जुन्या बाजाराचा भाग तर हमखास भिजतो. कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही: अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची भरती, आणि त्यातही शरद ऋतूतली मोठी. अमेरिकी हवामान खात्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात 'चार्ल्सटन हार्बर' शोधा. भरतीचा अंदाज ७ फुटांच्या जवळ किंवा पुढे दिसला तर त्या वेळेच्या आगेमागे दोन तास सखल भागात पाणी असू शकतं असं धरून चाला. टूर भरतीच्या वेळेपासून लांबची घ्या.

गर्दी. वसंतात कूपर नदीच्या पुलावरची मोठी दौड असते. त्या शनिवारी सकाळी पूल आणि आसपासचे रस्ते बंद असतात. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत स्पोलेटो हा कलामहोत्सव सतरा दिवस चालतो. तेव्हा हॉटेलं महाग आणि गॅरेजं भरलेली.

> तपासा: तारीख, भरतीची वेळ, टूरची वेळ. तिन्ही एका कागदावर लिहा. भरती आणि टूर एकमेकांवर येत असतील तर टूरची वेळ बदला.

> सावध: रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका. ते खारं पाणी असतं, ब्रेक आणि तळाचा पत्रा खातं. खोलीही कळत नाही.

## टप्पा २: टूर निवडा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. बहुतेक जण मात्र इथे पाच मिनिटं देतात: रेटिंगचे तारे बघतात, किंमत बघतात, पैसे भरतात.

पूर्वी चार्ल्सटनमध्ये पैसे घेऊन टूर द्यायची तर शहराची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे. २०१८ साली फेडरल न्यायालयानं तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि २०२० साली अपिलातही निकाल कायम राहिला. आता शहराचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. म्हणजे कोणीही गाइड होऊ शकतो, आणि पारख करायचं काम ग्राहकाकडे आलं आहे. 'सिटी सर्टिफाइड' लिहिलेलं असेल तर उत्तम, पण तेवढ्यावर थांबू नका. ईमेल करा आणि हे विचारा:

१. गटात जास्तीत जास्त किती माणसं? दहा-बारा असतील तर ऐकू येतं. वीसच्या गटात मागच्या माणसाला गाइडची टोपी दिसते, शब्द पोचत नाहीत.

२. एकूण किती चालणं, आणि टूर संपते कुठे? 'दीड मैल' म्हटलं तरी त्यात उभं राहणं दीड तास असतं. बाबांचे गुडघे चालण्यानं दुखत नाहीत, उभं राहून दुखतात. टूर दक्षिण टोकाला, 'बॅटरी' म्हणतात त्या बंदरकाठच्या फिरायच्या बांधापाशी संपणार असेल तर परतीची वाटचाल वेगळी मोजा.

३. मध्ये बसायला जागा आणि स्वच्छतागृह आहे का?

४. गुलामगिरीचा इतिहास मुख्य टूरमध्ये येतो, की त्यासाठी वेगळी टूर घ्यावी लागते?

चौथा प्रश्न का, ते सांगते. आमची पहिली टूर मी घाईत ठरवली होती. दोन तास आम्ही दरवाजे, लोखंडी जाळ्या, बागा आणि कोणत्या घराची किंमत किती लाख डॉलर हे ऐकलं. माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची नजर पहिल्यापासून विटांवर. शेवटी त्यांनी मला विचारलं, "अगं, एवढ्या विटा भाजल्या कोणी? एवढ्या मोठ्या घरांत राबत होतं कोण?" मी तो प्रश्न इंग्रजीत पुढे केला. गाइड हसून म्हणाला, ती वेगळी टूर असते. बाबा पुढे काही बोलले नाहीत. जेवतानाही गप्पच होते.

आफ्रिकेतून उत्तर अमेरिकेत पकडून आणलेल्या माणसांपैकी अंदाजे चाळीस टक्के या बंदरातून उतरवली गेली असं अभ्यासक मानतात. भाताची शेती, नीळ, विटा, घरं, स्वयंपाक हे सगळं त्या हातांनी उभं राहिलं. ज्या टूरमध्ये हे 'वेगळं' काढून ठेवलेलं असतं, त्या टूरमध्ये शहर अर्धंच दिसतं.

पारख करायच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली, टूरच्या वर्णनातले शब्द. 'सर्व्हंट्स' असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा; जाणता गाइड 'एनस्लेव्हड पीपल' म्हणतो, कारण नोकर आणि गुलाम यांत फरक आहे. दुसरी, सरळ विचारा: "रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट तुमच्या टूरमध्ये येते का?" स्मॉल्स गुलामगिरीत असलेला सुकाणूधारी. १३ मे १८६२ च्या पहाटे तो 'प्लँटर' नावाचं, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचं लष्करी जहाज कुटुंबासकट याच बंदरातून, किल्ल्यांच्या तोफांसमोरून चालवत बाहेर घेऊन गेला आणि स्वतंत्र झाला. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून आला. या प्रश्नाला उत्साहानं लांब उत्तर आलं तर पैसे भरा.

भुतांच्या टूर रात्री असतात, खाद्यटूर वेगळ्या. पहिल्या भेटीत दोन्ही नकोत.

> नेहमीची चूक: "घोडागाडीच केली की, मग पायी कशाला?" घोडागाडीचा मार्ग निघताना सोडत काढून ठरतो. तुम्हाला बॅटरी बघायची असेल आणि चिठ्ठी दुसऱ्याच भागाची निघाली तर काही करता येत नाही. शिवाय गल्लीबोळांत गाडी जात नाही, आणि खरं शहर तिथेच आहे.

## टप्पा ३: मुक्काम आणि गाडी

हॉटेल शोधताना पत्ता नीट वाचा. 'नॉर्थ चार्ल्सटन' हे वेगळं शहर आहे. विमानतळ तिथे आहे, जुनं शहर तिथून दहा-बारा मैलांवर. तिथे राहणं स्वस्त पडतं आणि चालतंही, पण सकाळचा अर्धा-पाऊण तास धरा. वेस्ट व्हर्जिनियातही एक चार्ल्सटन आहे, आणि आरक्षण करताना त्याचा धोका खरा आहे. राज्याचं नाव दोनदा बघा.

गाडी रस्त्यावर लावायच्या भानगडीत पडू नका. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला वस्ती आहे. तिथे बाहेरच्या गाड्यांना थोडाच वेळ मुभा असते आणि टूर त्याहून लांबते. सरळ गॅरेजमध्ये लावा. ३७५ मीटिंग स्ट्रीटवर पर्यटक केंद्र आहे, शेजारी गॅरेज आहे, आणि तिथून 'डॅश' नावाची मोफत बस बाजाराकडे जाते. या केंद्रापासून दक्षिण टोक दीड मैलाच्या आसपास आहे. म्हणजे ज्येष्ठांना तिथून चालवत नेलं तर टूर सुरू व्हायच्या आधीच त्यांचे पाय निम्मे संपतात. मी टूरच्या सुरुवातीच्या जागेपासून दोन-तीन गल्ल्यांवरचं गॅरेज आधी हेरून ठेवते आणि तिथेच लावते. चार पैसे जास्त जातात, ते जाऊ देते.

> तपासा: गॅरेजचं नाव, मजला, आणि पावतीचा फोटो. हा फोटो दोन जणांच्या फोनमध्ये हवा.

## टप्पा ४: आदली रात्र

पाय. फुटपाथ जुन्या विटांचे आणि दगडी फरशांचे आहेत. झाडांच्या मुळांनी उचलले गेलेले. चाल्मर्स स्ट्रीट तर गोट्यांनी फरसलेला आहे. एकेक गोटा नारळाएवढा, वरून गुळगुळीत. कोल्हापुरी, सपाट सँडल, नवे कोरे बूट हे तिन्ही नकोत. वापरून सैल झालेले चालायचे बूट हवेत. आई साडीच नेसणार असेल तर नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसायला सांगा आणि बूट आदल्या दिवशी घालून बघा. बाळगाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर गाइडला आधी कळवा. चाल्मर्स स्ट्रीट टाळून जाता येतं, पण ते त्याला सकाळी नव्हे, आदल्या दिवशी कळलं पाहिजे.

पिशवी. माणशी एक बाटली पाणी, टोपी किंवा छत्री, डासांची आणि चिलटांची क्रीम. वसंतात खाजणावरून येणारी बारीक चिलटं दिसत नाहीत, चावतात मात्र. औषधं सोबत ठेवा, गाडीत नको. पाच-दहा डॉलरच्या सुट्ट्या नोटा वेगळ्या पाकिटात.

शब्द. भाषांतराचं निम्मं काम आदल्या रात्रीच उरकतं. टूर चालू असताना सलग भाषांतर करायला गेलात तर तुम्हाला ऐकू येत नाही, त्यांना कळत नाही आणि बाकीच्यांना त्रास होतो. त्याऐवजी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं बसा आणि एवढं सांगून ठेवा:

- दोन युद्धं वेगळी. एक इंग्रजांविरुद्धचं, १७७५ ते १७८३. दुसरं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. त्याची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ ला याच बंदरातल्या फोर्ट सम्टरवर डागली गेली. गाइड नुसतं 'द वॉर' म्हणाला तर बहुधा दुसरं.
- 'सिंगल हाउस' म्हणजे एका खोलीच्या रुंदीचं, रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभं असलेलं लांबट घर. त्याच्या बाजूच्या ओसरीला 'पिआझा' म्हणतात. रस्त्यावरचा दरवाजा घरात उघडत नाही, ओसरीवर उघडतो. ओसरी दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा यावा म्हणून.
- ३१ ऑगस्ट १८८६ ला मोठा भूकंप झाला. भिंती सांधून धरायला आरपार लोखंडी गज घातले. त्यांच्या टोकाच्या चकत्या, तारे, सिंहाची तोंडं बाहेरून दिसतात.
- 'गुल्ला' म्हणजे इथल्या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची भाषा आणि संस्कृती. बाजारात गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बाया याच परंपरेतल्या.
- ओसरीचं छत फिकट निळं दिसलं तर ते 'हेंट ब्लू', भुताखेतांना दूर ठेवणारा रंग.
- ओहोटीला येणारा वास गटाराचा नाही. तो खाजणातल्या चिखलाचा, इथे त्याला 'प्लफ मड' म्हणतात. आमच्या राजापूरकडच्या मावशींनी तो गाडीची काच खाली करताच ओळखला.

रस्त्यांची नावंही तुम्ही स्वतः तोंडात बसवून घ्या, कारण लिहिलेलं आणि बोललेलं यांत अंतर आहे. नकाशात 'लेगारे' वाचाल, लोक 'लग्री' म्हणतात. 'ह्यूगर'ला 'यूजी', 'प्रिओलो'ला 'प्रेलो'. गाइडनं फोनवर 'प्रेलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या' म्हटलं आणि तुम्ही तशा स्पेलिंगचा रस्ता शोधत बसलात की दहा मिनिटं गेली.

## टप्पा ५: टूरची सकाळ

हा क्रम घड्याळ लावून पाळा.

१. एक तास आधी पोटभर नाश्ता उरकलेला; नॉर्थ चार्ल्सटनला राहिला असाल तर त्याच्याही अर्धा-पाऊण तास आधी. हॉटेलातच. जुन्या शहरात सुट्टीच्या दिवशी नाश्त्याला रांगा असतात.

२. पाऊण तास आधी गाडी गॅरेजमध्ये.

३. अर्धा तास आधी स्वच्छतागृह. सिटी मार्केटमध्ये आणि वॉटरफ्रंट पार्कजवळ सार्वजनिक सोय आहे. ब्रॉडच्या दक्षिणेला घरंच घरं आहेत, दुकानं-हॉटेलं जवळजवळ नाहीत. तिथे अडचण झाली तर मार्ग नसतो. "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालाही पाठवा.

४. पंधरा मिनिटं आधी ठरलेल्या जागी. टूर वेळेवर सुटते आणि कोणासाठी थांबत नाही.

> सावध: बाजाराच्या दोन्ही अंगांनी दोन समांतर रस्ते आहेत, नॉर्थ मार्केट आणि साउथ मार्केट, आणि बाजार चार गल्ल्या लांब पसरला आहे. 'मार्केटपाशी भेटू' हा पत्ता होत नाही. क्रॉस स्ट्रीट विचारून घ्या. आणि 'मीटिंग स्ट्रीट' हे रस्त्याचं नाव आहे, भेटायची जागा नव्हे. एका कुटुंबानं या गोंधळात टूर घालवलेली मला माहीत आहे.

## टप्पा ६: टूर चालू असताना

गाइडला सुरुवातीलाच सांगा की सोबत ज्येष्ठ आहेत, थोडं सावकाश बोलाल का. कोणी नाही म्हणत नाही. मग आई-बाबांना गाइडच्या अगदी जवळ उभं करा, तुम्ही मागे राहा. आपण नेमकं उलटं करतो: मुलं पुढे, म्हातारी माणसं मागे, आणि मग त्यांना कळलं नाही म्हणून हळहळतो.

भाषांतर चालताना करा, थांब्यावर नाही. दोन थांब्यांमधल्या तीन मिनिटांत दोन वाक्यं पुरतात. उरलेलं रात्री.

मार्ग गाइड ठरवतो, पण बहुतेक टूर बाजाराच्या बाजूनं चर्च स्ट्रीटवर येतात, तिथून ब्रॉड आणि मीटिंगच्या चौकात, मग ईस्ट बे आणि बॅटरीकडे. त्यात या तीन जागी लक्ष जास्त द्या.

चाल्मर्स स्ट्रीट. सहा नंबरची इमारत, ओल्ड स्लेव्ह मार्ट. १८५६ साली शहरानं रस्त्यावर उघड्यावर माणसांचे लिलाव करायला बंदी केली, मग ते असे आडोशाला होऊ लागले. आज तिथे संग्रहालय आहे. बरेच पर्यटक सिटी मार्केटलाच गुलामांचा बाजार समजतात. ती चूक घरी घेऊन जाऊ नका. सिटी मार्केटमध्ये मांस, मासे, भाजीपाला विकला जाई. टूरमध्ये स्लेव्ह मार्टची इमारत बाहेरूनच बघा, आत नंतर जायचं आहे.

ब्रॉड आणि मीटिंगचा चौक. चार कोपऱ्यांवर चार इमारती: नगरपालिका, काउंटीचं न्यायालय, फेडरल न्यायालय-टपाल कचेरी, आणि सेंट मायकेल्स चर्च. याला 'कायद्याचे चार कोपरे' म्हणतात, चौथा देवाच्या कायद्याचा. इथे रहदारी जोरात असते. वर बघत मागे सरकू नका.

रेनबो रो. ईस्ट बे स्ट्रीटवरची तेरा रंगीत घरं. त्यांची तोंडं पूर्वेला आहेत, म्हणून फोटो सकाळीच चांगला येतो; दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो. समोरच्या फुटपाथवरून काढा, रस्त्याच्या मध्ये उभं राहून नाही. घरांत माणसं राहतात. पायरीवर बसणं, फाटक ढकलून बाग बघणं हे आपल्याकडून होतं, कारण आपल्याकडे ओटा सगळ्यांचा असतो. इथे नको.

आणि विटा. दुसऱ्या खेपेला मी चौकशी करून गाइड निवडली, शिक्षिका होती. एका भिंतीशी थांबून तिनं बोट दाखवलं. विटेच्या कडेला तीन छोटे खळगे होते, एका ओळीत. ती म्हणाली, ओली वीट साच्यातून काढून उन्हात मांडायचं काम पुष्कळदा गुलामीतल्या मुलांकडे असे. ओल्या मातीत त्यांची बोटं उमटत आणि भट्टीत ती तशीच भाजली जात. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आपलं बोट त्या खळग्यापाशी नेलं. ते मावत नव्हतं. "सात-आठ वर्षांचं असेल पोर," एवढंच म्हणाले. पुढच्या थांब्यावर त्यांनी गाइडला स्वतःच्या इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, आणि मला मध्ये पडावं लागलं नाही. तुमच्या गाइडनं विटा दाखवल्या नाहीत तर विचारा.

> तपासा, अर्ध्यावर: सगळ्यांनी पाणी प्यायलं का? कोणाचं डोकं दुखतंय, घाम थांबलाय, चक्कर येतेय? असेल तर टूर तिथेच सोडा आणि थंड जागी न्या. गाइडला खुणेनं सांगितलं तरी पुरतं.

टूर संपल्यावर टिप. तिकिटाची टूर असेल तर पंधरा ते वीस टक्के. 'फ्री टूर' म्हणजे गाइडची कमाई टिपवरच. तिथे माणशी ठरवून द्या. कुटुंबाची एकत्र टिप देताना सहा माणसांसाठी दहा डॉलर देऊन निघणं बरं नव्हे.

## टप्पा ७: टूरनंतरचा तास

इथे घाई होते आणि दिवस विस्कटतो. लगेच बाजारात शिरू नका. वॉटरफ्रंट पार्कमध्ये अननसाच्या आकाराचं कारंजं आहे, सावलीत बाकं आहेत, समोर बंदर. बूट सैल करा आणि तासभर बसा. डबा आणला असेल तर इथेच: दशम्या, चटणी, दही.

बाहेर जेवणार असाल आणि शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. इथले भाजीचे पदार्थ बघून शाकाहारी वाटतात, पण पुष्कळदा नसतात. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवायची रीत आहे. 'हॉपिन जॉन' हा आपल्या चवळी-भातासारखा, त्यातही बेकन. रेड राइसमध्ये बेकन किंवा सॉसेज. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची घट्ट पेज, ती बऱ्याचदा चालते, पण कधी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "व्हेजिटेरियन आहे का?" असं विचारलं तर "हो, भाजीच आहे" असं प्रामाणिक उत्तर येतं. म्हणून असं विचारा: "यात बेकन, हॅम किंवा मांसाचं पाणी आहे का?"

बिनधोक गोष्ट एक आहे: उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अगदी आपल्यासारख्या. २००६ पासून हे राज्याचं अधिकृत खाणं आहे. 'बेनी' म्हणजे तीळ. बेनी वेफर्स कुरकुरीत आणि गोड, पण त्यांत सहसा अंडं असतं.

## टप्पा ८: दुपारी एकच गोष्ट

यादीत चार गोष्टी असतात, दुपारी झेपते एक. निवडा.

ओल्ड स्लेव्ह मार्ट संग्रहालय. छोटं आहे, तासाभरात होतं. वाचायला मजकूर पुष्कळ, बसायला जागा कमी. सकाळी ऐकलेलं इथे पक्कं होतं, म्हणून माझी पहिली पसंती हीच.

इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. २०२३ साली उघडलं, गॅड्सडेन्स व्हार्फवर, जिथे गुलामांची जहाजं लागत त्याच धक्क्याच्या जागी. तीन तास तरी हवेत. तिकीट वेळेनुसार असतं, आधी काढा. लिफ्ट आहे, थंडावा आहे. पाय थकलेल्यांना स्लेव्ह मार्टपेक्षा सोयीचं.

फोर्ट सम्टर. बोटीनं जाऊन येऊन सव्वादोन तास. बोट दोन ठिकाणांहून सुटते, शहरातल्या लिबर्टी स्क्वेअरवरून आणि नदीपलीकडच्या पॅट्रिअट्स पॉइंटवरून. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघा. चुकीच्या धक्क्यावर पोचलेली माणसं मी दर खेपेला बघते. किल्ल्यावर सावली कमी. उन्हाळ्यात दुपारची बोट घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या.

बाजार संध्याकाळी परतताना. गवताच्या टोपल्या महाग वाटतील. एका मध्यम टोपलीला कित्येक दिवस लागतात. पटलं तर घ्या, नाहीतर विणणं बघा, पण घासाघीस करू नका. आणि विणणाऱ्या बाईंचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा.

> तपासा, निघण्याआधी: गॅरेजची पावती, संध्याकाळच्या भरतीची वेळ, सगळ्यांची औषधं, आणि पुन्हा एकदा स्वच्छतागृह. शहराबाहेर पडायला शनिवार-रविवारी संध्याकाळी आय-२६ या महामार्गावर गाड्यांची रांग असते. साडेसहानंतर निघालात तर अंधारात गाडी चालवायची तयारी ठेवा, नाहीतर कोलंबियाला, साधारण ११५ मैलांवर, मुक्काम करा. आम्ही आता तसंच करतो.